हवेच्या भरवशावर सहा टन

जूनमधल्या एखाद्या शुक्रवारी दुपारी अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरातून उत्तरेला निघणारा आय-१७ महामार्ग बघावा. शहरात पारा ४३ अंशांवर आणि २३० किलोमीटर पलीकडे, फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या जंगलात, पंचवीस-सव्वीसवर. त्यामुळे ज्याच्याकडे चाकांवरचं घर आहे तो ते पिकअपच्या मागे जोडतो आणि घाट चढू लागतो. घर म्हणजे खरोखरच घर: दोन पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याच्या टाक्या. भरलेला मध्यम आकाराचा ट्रॅव्हल ट्रेलर ३,२०० किलोपर्यंत सहज जातो. ओढणारी पिकअप रिकामी २,३०० किलोची, त्यात माणसं आणि सामान आणखी साडेचारशे. सगळं मिळून सहा टन, ताशी १०५ किलोमीटर वेगाने, चढावर.

आता जरा विचित्र वाटेल असा हिशेब करू. पिकअपच्या टायरमध्ये हवेचा दाब ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. ट्रेलरच्या टायरमध्ये ६५ पीएसआय, म्हणजे साडेचार किलोच्या वर. टायर रस्त्याला जिथे टेकतो तिथे त्याचा तळ चपटा होतो आणि भाराला दाबाने भागलं की त्या चपट्या तुकड्याचं क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळतं. पिकअपची चार आणि ट्रेलरची चार, अशा आठ टायरचे तुकडे एकत्र केले तर बेरीज होते सुमारे १,९०० चौरस सेंटिमीटर. वर्तमानपत्राचं एक पान साधारण एवढंच भरतं. सहा टनांचं सगळं बिऱ्हाड, वळणं घेताना, ब्रेक मारताना, बाजूने जाणाऱ्या अजस्र ट्रकांचे झोत झेलताना, तेवढ्याच जमिनीला धरून असतं.

म्हणूनच ट्रेलर ओढण्यासाठी पिकअपला कुठले टायर घ्यावेत हा प्रश्न वरवर दुकानदारी वाटला, तरी त्याच्या पोटात पदार्थविज्ञानाचा अख्खा पेपर दडलेला आहे.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध. गाडीचा भार उचलतो कोण? कुणीही म्हणेल, टायरमधली हवा. बरोबर. पण कशी? हवा रिमला सगळ्या बाजूंनी सारखीच दाबते. खालून वर जेवढी ढकलते तेवढीच वरून खाली ढकलते. रिमच्या दृष्टीने या ढकलाढकलीची बेरीज शून्य! मग रिम खाली का बसत नाही? गंमत टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये आहे. तिच्यात पॉलिएस्टरचे दोर असतात आणि हवेने फुगल्यामुळे ते ताणलेले असतात. रिमच्या कडेला ते चहूबाजूंनी बाहेर ओढत असतात: वरचे वर, खालचे खाली. गाडीचा भार आला की खालचा भाग चपटा होतो, तिथली भिंत बाहेर फुगते आणि त्या जागच्या दोरांची खाली ओढण्याची ताकद कमी पडते. वरच्यांची ओढ तशीच राहते. या दोन ओढींतला फरक गाडीला तोलून धरतो. म्हणजे आपण समजतो गाडी टायरवर उभी आहे. खरं तर तिचा अ‍ॅक्सल वरच्या दोरांना टांगलेला असतो. हवेचं काम दोर ताणून ठेवण्याचं. दोर अधिक ताणायचे तर हवा अधिक हवी, आणि अधिक हवा कोंडायची तर पिशवी दणकट हवी. टायरनिवडीचं बरंचसं शास्त्र या एका वाक्यातून निघतं.

पिशवी किती दणकट आहे हे टायरच्या बाजूवरच कोरलेलं असतं. फक्त वाकून वाचायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या आकाराच्या पिकअपमधल्या हलक्या गाड्यांना, ज्यांना तिथे ‘हाफ-टन’ म्हणतात (फोर्ड एफ-१५०, शेव्रोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००), कारखान्यातून बरेचदा असा टायर येतो: पी २७५/६५ आर १८ ११६टी. पी म्हणजे पॅसेंजर, प्रवासी गाडीच्या जातकुळीचा. २७५ ही मिलिमीटरमधली रुंदी. भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. रिम १८ इंचांची. शेवटचा टी वेगाचा, ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा. आणि ११६ हा भाराचा संकेतांक. तक्त्यात ११६ म्हणजे १,२५० किलो. आपल्या मारुती-टाटांच्या टायरवरही असाच संकेतांक असतो, तिथे तो ऐंशीच्या घरात सापडेल.

पण पिकअपला हा १,२५० चा आकडा जसाच्या तसा मिळत नाही. अमेरिकी सुरक्षा नियम सांगतो की प्रवासी जातीचा टायर ट्रकला किंवा ट्रेलरला लावला तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं. उरतात सुमारे १,१३६ किलो. ट्रक उंच, त्याचं ओझं कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि मालक लोक ‘चालतंय की’ म्हणून दोन पोती जास्त टाकणार. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असावा.

याच मापाचा दुसरा टायर घ्या: एलटी २७५/६५ आर १८ १२३/१२०एस, लोड रेंज ई. एलटी म्हणजे लाइट ट्रक. १२३ म्हणजे १,५५० किलो. तिरक्या रेषेपलीकडचा १२० म्हणजे १,४०० किलो, एकाच टोकाला दोन टायर शेजारी-शेजारी लावले तर प्रत्येकी. जोडीतल्या एकावर कधी जास्त ओझं येणारच, म्हणून आकडा उतरवलेला. लोड रेंजची अक्षरं चढत्या भाजणीने येतात: सी ५० पीएसआयपर्यंत, डी ६५, ई ८०. दुकानात ई टायरला ‘टेन-प्लाय’ म्हणतात. दोर सुती होते त्या काळात दहा थरांचा टायर खरंच दहा थरांचा असे. आता पॉलिएस्टरचे दोन किंवा तीन थर आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एवढ्यावर भागतं. दहा हा आकडा नुसता मानाचा उरला आहे.

इथे एक सापळा आहे, आणि चांगले चांगले त्यात अडकतात. दणकट एलटी टायर घेतला, हवा मात्र दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरनुसार ३५ पीएसआय भरली. झालं! ३५ पीएसआयला एलटी टायर पी टायरपेक्षा कमी भार उचलतो. जाड पिशवीला तेवढंच ओझं पेलायला जास्त हवा लागते. जुन्या टायरइतकी क्षमता मिळवायची तर उत्पादकाचा भार-दाबाचा तक्ता उघडून त्यात आपला आकडा शोधावा लागतो. महागडा टायर घेऊन गाडी आधीपेक्षा कमकुवत करण्याचा हा सोपा मार्ग आहे.

आता आपला आकडा काढू. ट्रेलरची पुढची दांडी पिकअपच्या मागे गोळ्यावर टेकते. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार या दांडीवर असावा लागतो. त्याहून कमी असेल तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलू लागतो. आपल्या ३,२०० किलोंच्या ट्रेलरसाठी दांडीचा भार धरा ३६० किलो. हा भार पिकअपच्या मागच्या चाकांवर किती पडेल? ३६० असं उत्तर येईल, पण तराजू वेगळं सांगतो. गोळा मागच्या अ‍ॅक्सलवर नसतो. तो त्याच्या मागे सुमारे ५ फूट लटकलेला असतो. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १२ फूट. म्हणजे ही तरफ झाली आणि तिचा टेकू मागच्या अ‍ॅक्सलवर. गोळ्यावर ३६० किलो ठेवले की मागचा अ‍ॅक्सल ५१० किलोंनी जड होतो, आणि पुढचा १५० किलोंनी हलका! ते १५० किलो कुणी उचलून मागे नेले नाहीत. तरफेने पुढून काढून मागे टाकले. पुढची चाकं हलकी झाल्यामुळे सुकाणू सैल वाटतं. म्हणून समजूतदार माणसं भार वाटून देणारा हिच, म्हणजे खास जोड, बसवतात. त्याच्या पोलादी पट्ट्यांच्या ताणामुळे मागे आलेला भार थोडा पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत जातो.

तो नाही असं धरून चालू. मागच्या अ‍ॅक्सलवर रिकाम्या गाडीचे सुमारे १,००० किलो, हौद्यातल्या जनरेटर-लाकडांचे आणि मागच्या सीटवरच्या मुलांचे २२०, दांडीचे ५१०. एकूण १,७३०, म्हणजे दर टायरला ८६५ किलो. पी टायरची १.१ ने भागून उरलेली मर्यादा १,१३६. म्हणजे भाराच्या बाबतीत कारखान्याचा टायर पास, आणि बऱ्यापैकी मार्कांनी.

नापास होण्याची वेळ येते अ‍ॅक्सलवर. अशा पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा बरेचदा १,७२० ते १,८६० किलोंच्या आसपास असते आणि ती दाराच्या चौकटीवर छापलेली असते. टायर कितीही तगडा लावा, त्या आकड्यात एका किलोचीही भर पडत नाही. हे कागदावरचं गणित खरं करून घ्यायचं तर महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. गाडीचे अ‍ॅक्सल वेगवेगळ्या फळ्यांवर घेतले की प्रत्येकाचं वजन वेगळं छापून मिळतं. टायरच्या दुकानाआधी तिथे जावं, असं माझं मत.

मग पी टायर पुरत असताना एवढे लोक एलटीकडे का वळतात? त्याची दोन कारणं, उष्णता आणि डोलणं. दोन्हींचं मूळ टायरच्या वाकण्यात आहे.

उष्णता आधी. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली, तोवर रबर उन्हाळ्यात चिकट लगदा आणि हिवाळ्यात लाकूड होत असे. गंधक रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये पूल बांधतं, त्यामुळे ताणलेलं रबर परत जागेवर येतं. येतं, पण पूर्ण ऊर्जा परत देत नाही. थोडी स्वतःकडे ठेवतं आणि तापतं. आपल्या मापाचा टायर एका फेरीत सुमारे अडीच मीटर जातो. ताशी १०५ किलोमीटरला त्याचा प्रत्येक बिंदू सेकंदाला जवळजवळ बारा वेळा चपटा होऊन पुन्हा गोल होतो. फीनिक्स ते फ्लॅगस्टाफ म्हणजे ९३ हजार वेळा! दर वेळी चिमूटभर उष्णता आत. रबर उष्णता बाहेर सोडण्यात आळशी, आणि नक्षीच्या खांद्यापाशी, पोलादी पट्ट्यांच्या कडेला, ते सर्वांत जाड असतं. तिथे उष्णता साठत जाते. हवा कमी असेल तर दर फेरीला वाकणं जास्त. वाकणं जास्त तर ताप जास्त.

हे किती भीषण होऊ शकतं ते २००० साली अमेरिकेने पाहिलं. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरची नक्षी पट्ट्यासकट सोलून निघत होती आणि गाड्या उलटत होत्या. ९ ऑगस्ट २००० ला कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. परत बोलावण्याची सुरुवात ज्या राज्यांपासून झाली त्यांत टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया होते आणि हे आपलं अ‍ॅरिझोनाही: सगळी तापलेली राज्यं. वादातला एक मुद्दा हवेचा होता. फोर्डने सुचवलेला दाब होता २६ पीएसआय. दोष टायरचा किती आणि गाडीचा किती यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा केला आणि त्यातून पुढे सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा सक्तीचा झाला.

त्या दिव्याचीही एक मेख आहे. तो स्टिकरवरच्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी उतरली की लागतो. स्टिकर ३५ चं असेल तर २६ च्या आसपास. तुम्ही एलटी टायर घालून ६० भरले असतील आणि गळतीने ते ३५ वर आले असतील, तर टायर उकळत असेल आणि दिवा मात्र शांत. ज्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, तिथे तो आकडाच वाचत राहावा.

एलटी टायर ६० पीएसआयला कमी चपटा होतो, म्हणून कमी तापतो. शिवाय हवा थोडी उतरली तरी हाताशी शिल्लक राहते.

आता डोलणं. आपल्याकडे ऊस हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जाताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना मागच्या ट्रॉलीचं झुलणं नव्याने सांगायला नको. तिथे वेग बैलगाडीच्या थोडा वर, म्हणून निभावतं. महामार्गावर बाजूने अठरा चाकी ट्रक पुढे जातो तेव्हा आधी त्याच्या तोंडापुढची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते, मग त्याच्या कुशीतला कमी दाब आत ओढतो. हा धक्का गोळ्यातून पिकअपच्या शेपटीला मिळतो. रस्त्याला चिकटलेला टायरचा तळ जागेवर राहतो, पण रिम काही मिलिमीटर बाजूला सरकते, कारण मधली भिंत मऊ आहे. गाडीची शेपटी हलली, गोळा हलला, ट्रेलर दुसरीकडे झुकला, त्याने गोळा परत ओढला. वेग कमी असेल तर ही झुलाझुली दोन-तीन हेलकाव्यांत विरते. वेग वाढत जातो तसं विरणं मंदावतं आणि एका वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ लागतो. तेव्हा सुकाणूशी झटापट केली तर आगीत तेल. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा आणि डॅशबोर्डजवळच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. मागून ओढ बसली की रांग सरळ होते.

हे काही मिलिमीटर कमी करायचे तर ताठ भिंतीचा टायर लागतो. ताठ भिंत, जास्त हवा, आणि तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: नक्षी. चिखल-दगडांसाठीच्या टायरचे रबरी ठोकळे उंच आणि सुटे असतात, दिसतात झकास. डांबरावर बाजूचा जोर आला की प्रत्येक ठोकळा आपल्या बुडावर डुलतो. भिंत ताठ करून मिळवलेलं इथे गमावलं जातं. जो माणूस वर्षातून दोनदा कच्च्या रस्त्यावर जातो आणि बाकी वेळ डांबरावर घर ओढतो, त्याने महामार्गाची सलग पट्ट्यांची नक्षी घ्यावी. अक्राळविक्राळ टायर फोटोपुरते बरे. कोरे टायर कुठल्याही नक्षीचे असोत, सुरुवातीला थोडे डुलतातच, कारण ठोकळे पूर्ण उंचीचे असतात. नवे टायर घातल्याबरोबर लांबच्या ट्रिपला निघू नये.

एलटीची किंमत मोजावी लागते, पैशांतही आणि पाठीलाही. ते जड असतात, डिझेल-पेट्रोल जास्त खातात, आणि रिकाम्या गाडीत ८० पीएसआय ठेवले तर प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत येतो. ट्रेलर सोडल्यावर हवा उतरवणं हाही ट्रिपचाच भाग. ट्रेलरच्या स्वतःच्या टायरवर एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं असतं. त्यांच्यावर वेगाचं वेगळं अक्षर नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैल, आणि आय-१७ वर शहराबाहेर पाटी ७५ ची. पाटी टायर बघून लावलेली नसते.

घाटावर हवा आणखी एक खेळ दाखवते. पहाटे फीनिक्सला, २८ अंशांत, थंड टायरमध्ये ८० भरून निघा. फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब तिथे जवळजवळ ३ पीएसआयने कमी. मापक आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, त्यामुळे आत एक रेणूही न वाढता आकडा वर जायला हवा. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे ६ अंश असतात आणि गारठ्याने आतला दाब त्याहून जास्त घसरलेला असतो. दोन्हींची वजाबाकी होऊन मापक ७६ च्या आसपास दाखवेल. गळती कुठेच नसते. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला तरी हवा काढू नये. तक्त्यातले सगळे आकडे थंड टायरचे.

दुकानात पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. रिमलाही दाबाची आणि भाराची मर्यादा असते. ८० चा टायर घेतला म्हणून रिम ८० ची होत नाही. आणि बाजूवरच्या डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार अंक. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षातले बरेच महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नक्षी कोरी दिसली तरी.

तोच अंक हौद्याखाली टांगलेल्या पाचव्या टायरवरही वाचावा. चार नवे एलटी घेणारे त्याला हमखास विसरतात, आणि तो वर्षानुवर्षं जुन्या पी जातीचाच राहतो, ३५ पीएसआयवर. त्याची हवा भरायची नळी बरेचदा वरच्या बाजूला असते, म्हणून तपासायला तो खाली उतरवावा लागतो. हे काम घरीच, सावलीत करून घ्यावं.